पोर्टवरच्या कामगारांना नवीन टेक्नॉलॉजी नकोच असते का? (न्हावा शेवाचा अनुभव असलेल्यांनी जरूर लिहा)

पिंपळगावकर

नमस्कार मंडळी. द्राक्षाचा सीझन आटोपला, कांद्याचं काय चाललंय ते विचारू नका, म्हणून जरा वेळ आहे तर बरेच दिवस डोक्यात असलेला विषय काढतो. मी पिंपळगाव साईडला एका पॅकहाऊसमध्ये डिस्पॅच आणि कागदपत्रं बघतो. म्हणजे रीफर (थंड कंटेनर, आम्ही डबा म्हणतो) लागला, पॅलेट भरल्या, सील मारलं, गाडी निघाली की कसारा घाट उतरेपर्यंत ड्रायव्हरला माझे फोन चालू, आणि पुढे पोर्टात काय होतं ते मला फक्त स्क्रीनवर दिसतं. आता रीफरमध्ये मॉडेम असतो, टेंपरेचर मोबाईलवर कळतं, शून्याच्या आसपास ठेवलेला डबा चार डिग्रीवर गेला की लगेच लाल दिसतो. पूर्वी हे युरोपात डबा उघडल्यावर कळायचं.

तर परवा एका मीटिंगला एक एक्स्पोर्टर तावातावाने बोलले की न्हावा शेवा बंदराला गाड्यांची लाइन लागते कारण तिथले कामगार नवीन काही येऊच देत नाहीत, सगळं ऑटोमॅटिक करून टाकलं पाहिजे. सगळ्यांनी माना हलवल्या. मला पटलं पण नाही आणि उत्तर पण सुचलं नाही. २०२३ च्या शेवटापासून जहाजं तांबड्या समुद्राऐवजी आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली तेव्हापासून आम्हाला एकेक दिवस महाग पडतोय, त्यामुळे राग समजतो मी. पण तिथे काम करणारा माणूस याच्याकडे कसा बघतो हे कोणी सांगेल का? पुस्तकी नको, बघितलेलं सांगा.

सातपूरकर

त्यात सांगायचं काय, युनियनबाजी. आमच्याकडे कंपनीत सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीन) आल्या तेव्हा हेच झालं होतं, सहा महिने कोणी हात लावायला तयार नाही, मग नवीन पोरं भरली आणि वर्षभरात तेच जुने म्हणायला लागले आम्हाला पण ट्रेनिंग द्या. बदल कोणालाच आवडत नाही. पोर्टवाले काय वेगळे?

उरणचा_पोरगा

सातपूरकर दादा, मी पोर्टातच हाय. बायको नाशिक रोडची म्हणून हिकडे येणंजाणं असतं आणि हा धागा दिसला. आरटीजी चालवतो, म्हणजे यार्डात डब्यांच्या रांगांवरून जी रबरी टायरवाली मोठी क्रेन फिरते ती. कॅबिन पार वर, पायाखाली काच, आणि शिफ्टभर मान खाली घालून बघायचं. चाळिशीच्या आत मानेला पट्टा लागलेले मित्र हायत माझे. आता मला कोणी बोलला की खाली एसी ऑफिसात बसून जॉयस्टिक आणि स्क्रीनवर हीच क्रेन चालव, तर मी नको कशाला बोलू? मी उद्या जाईन.

पण प्रश्न असा हाय की मला बोलावणार कोण. वर बसून एक माणूस एक क्रेन चालवतो, खाली बसून एक माणूस तीन-चार क्रेनवर लक्ष ठेवू शकतो कारण बराचसा वेळ क्रेन आपली आपण फिरते, फक्त ट्रकवर डबा ठेवताना माणूस लागतो. म्हणजे चारातल्या एकाला एसी आणि बाकीच्या तिघांना घर. आणि तो एक कोण हे ठरवणार कॉन्ट्रॅक्टर, कारण मी पोर्टाचा पण नाय आणि टर्मिनलचा पण नाय, मी लेबर कॉन्ट्रॅक्टवर हाय.

आमच्या वडलांची जमीन गेली तिकडे, पोर्ट आणि नवी मुंबईच्या कामात. १९८४ च्या जानेवारीत आमचे पुढारी दि. बा. पाटलांच्या मागे सगळा उरण-पनवेल उतरला, गोळीबारात पाच माणसं गेली, त्याच्यानंतर जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची गोष्ट मार्गी लागली. जमीन गेलेल्यांच्या घरात नोकरी हा मुद्दा तवापासून. त्यामुळे आमचेकडे मशीन आली की पहिला प्रश्न मशीन कशी चालते हा नसतो, ह्याच्यात गाववाल्यांच्या किती जागा कमी होणार हा असतो. ह्याला तुम्ही युनियनबाजी बोला, आम्ही हिशोब बोलतो.

आणि गंमत सांगू का, नवीन सिस्टीम आली की परमनंट लोकांशी मीटिंग होते, चहा-बिस्कीट होतं, सह्या होतात. आम्हाला सकाळी गेटवर सांगतात आजपासून असं. आम्ही काही बोलत नाय. वर रिपोर्ट जातो, कामगारांनी चांगलं स्वीकारलं.

पिंपळगावकर

वा, हे मला कुठल्याच मीटिंगमध्ये ऐकायला मिळालं नसतं. धन्यवाद दादा.

गोदीतला_जुना

मी मुंबई गोदीतून रिटायर झालो, आता नाशिक रोडला मुलाकडे असतो. टाइप हळू होतं, सांभाळून घ्या.

आमच्या वेळी जहाज म्हणजे गोण्या, पेट्या, गाठी, पिंपं. टोळी असायची, खाली होल्डमध्ये (जहाजाच्या पोटात) आमची माणसं, वर माल ओढणारं विंच चालवणारा विंचमन, हॅचवर म्हणजे होल्डच्या तोंडाशी हाताने खुणा करणारा, धक्क्यावर वेगळी टोळी, मालाची मोजदाद लिहिणारा टॅली क्लार्क वेगळा. हातात लोखंडी आकडा, गोणीत रुतवायचा आणि ओढायची. एक जहाज आठ-आठ दहा-दहा दिवस लागलेलं असायचं. १९४८ चा गोदी कामगारांचा कायदा आणि नंतर डॉक लेबर बोर्ड आलं त्याच्या आधी टोळीवाल्याच्या, म्हणजे माणसं पुरवणाऱ्या मुकादमाच्या मर्जीवर काम, आज हाक मारली तर आज जेवण. आमचे युनियन पुढारी पी. डिमेलोंनी ज्या लढाया केल्या त्या या हाक मारण्याच्या विरोधात होत्या. बोर्डामुळे नाव रजिस्टरला लागलं, काम नसलं तरी हजेरीचे पैसे मिळायला लागले. हे समजून घेतल्याशिवाय कंटेनरचं काही समजणार नाही तुम्हाला.

डबे यायला लागले तेव्हा आम्ही काय केलं ते खरं सांगतो. डबा अडवला नाही कोणी. आम्ही एवढंच म्हटलं की टोळीतली माणसं कमी करायची नाहीत. मग असं झालं की डबा क्रेन उचलते आणि टोळी उभी, त्यातले निम्मे चहाला. बाहेरच्या माणसाला हे बघून संताप येणारच, आमच्यातल्याही काहींना लाज वाटायची. पण टोळी एकदा लहान झाली की परत मोठी होत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि शेवटी टोळी मशीनने नाही हलवली. १९८९ ला पलीकडे न्हावा शेवा सुरू झालं आणि डबेच तिकडे गेले. तिथे आमचं रजिस्टर नाही, आमची टोळी नाही, सगळं नव्याने. इकडे स्वेच्छानिवृत्तीचे फॉर्म आले. प्रिन्सेस डॉक आणि व्हिक्टोरिया डॉक पुढे भरूनच टाकले, जिथे जहाजं उभी राहायची तिथे आता जमीन आहे. मशीनशी भांडता येतं, समोर असते ती. बंदरच उठून गेलं तर कोणाशी भांडणार?

उरणच्या पोरा, तुझी गोष्ट वाचून वाटलं आम्ही ज्या टोळीवाल्यातून सुटलो तो तुमच्याकडे कॉन्ट्रॅक्टर होऊन आलाय.

उरणचा_पोरगा

काका, बरोबर बोललात. आमचेकडे पण हजेरी सुपरवायझरच्या व्हॉट्सॲपवर. हाक मारायची पद्धत तेवढी बदलली.

सागर_टीओएस

मी टर्मिनलच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतो (पोर्टचं नाव नको, घर नाशिकला इंदिरानगर). थोडं दुसऱ्या बाजूने लिहितो कारण सिस्टीम आम्हीच बसवतो आणि शिव्याही आम्हीच खातो.

सगळी टेक्नॉलॉजी एकाच पिशवीत घालू नका. यार्डात ट्रकवरून डबा उचलताना ट्रकचे ट्विस्टलॉक (डबा ट्रकला धरून ठेवणारे खटके) पूर्ण उघडलेले नसले तर क्रेन डब्याबरोबर ट्रकच वर उचलते, ड्रायव्हर आत. हे जगभर होतं. त्यासाठी सेन्सर येतो, चाकं जमिनीवरून सुटली की क्रेन थांबते. हा सेन्सर बसवला तेव्हा एकाही ऑपरेटरने कुरकुर केली नाही, उलट दुसऱ्या क्रेनला कधी बसवताय म्हणून मागे लागले. दोन क्रेन एकमेकींना धडकू नयेत याचा लेझर, तोही असाच. लॅशिंगवाल्यांचं काम तर पोर्टातलं सगळ्यात धोक्याचं, डब्यांच्या थप्प्यांमध्ये लोखंडी रॉड लावायचे-काढायचे, पावसात घसरतं सगळं, त्यांना जे द्याल ते हवंच असतं.

आता दुसरा प्रकार. क्रेनच्या कॅबिनमध्ये स्क्रीन असते, पुढचा डबा कुठला उचलायचा ते सिस्टीम सांगते. आधी हे ऑपरेटर स्वतः ठरवायचा, त्याच्या डोक्यात पूर्ण ब्लॉक पाठ असायचा. त्याच स्क्रीनवर तासाला किती मूव्ह (डबे उचलून ठेवणं) झाल्या आणि किती मिनिटं क्रेन रिकामी उभी होती हे पण वर जातं. विरोध इथे सुरू होतो. तोंडावर कोणी विरोध करत नाही, स्क्रीन "हँग" होते, कॅमेऱ्यावर ग्रीस लागतं, टॅब पडतो. आमचे मॅनेजर म्हणतात लोक अडाणी आहेत. अडाणी माणसाला बरोबर कुठली वायर सैल करायची ते कळतं होय?

माझं प्रामाणिक मत, जी वस्तू कामगाराला वाचवते ती तो दोन दिवसात शिकतो, आणि जी त्याला मोजते ती शिकायला त्याला सहा महिने लागतात.

सातपूरकर

मग मोजायचंच नाही का? पगार मूव्हवर नाही का मिळत? आम्हाला तर मिनिटामिनिटाला मोजतात.

सागर_टीओएस

मोजा ना. पण क्रेन रिकामी उभी राहिली कारण खाली ट्रकच आला नाही, आणि रिपोर्टमध्ये नाव मात्र ऑपरेटरचं, हे कसं चालेल? ट्रक का आला नाही ते त्या स्क्रीनला विचारता येत नाही.

मीनल_अंबड

मी कस्टम ब्रोकरकडे काम करते, अंबडला ऑफिस, अधूनमधून पोर्टला चक्कर. पोर्ट कामगार म्हटलं की सगळ्यांना क्रेनवाले आठवतात, गेटवरचे क्लार्क आणि टॅलीवाले कोणाच्या लक्षात येत नाहीत आणि खरं तर टेक्नॉलॉजीने सगळ्यात आधी त्यांचंच काम गेलं. २०१६ पासून न्हावा शेवाला डब्यांना आरएफआयडी टॅग (लांबून मशीनने वाचता येणारा) लागतो, २०१७ पासून फॅक्टरीत सील मारताना इलेक्ट्रॉनिक सील आलं. आता तर गेटवर कॅमेरेच डब्याचा नंबर वाचतात, चार अक्षरं सात आकडे, शेवटचा आकडा आधीच्यांचा ताळा जुळवून बघायचा.

पण एक लक्षात घ्या, क्लार्क फक्त नंबर नव्हता वाचत. तो बघून सांगायचा की ताई तुमच्या डब्याची डावी बाजू आत गेलीय, लिहून घ्या नाहीतर तिकडे तुमच्यावर येईल. एकदा एकाने आमच्या रीफरची केबल सोललेली दाखवली होती, प्लग लावायच्या आधी. कॅमेरा हे सांगत नाही, म्हणजे फोटो काढतो, पण तो फोटो भांडण झाल्यावर बघितला जातो, भांडण टाळायला नाही.

आणि जून २०१७ आठवतोय का कोणाला? रॅन्समवेअर व्हायरस आला आणि मर्स्क या जहाज कंपनीच्या ग्रुपच्या सिस्टीम जगभर बंद पडल्या, त्यात न्हावा शेवाचं त्यांचं टर्मिनल पण अडकलं. कुठला डबा कुठे आहे हे कॉम्प्युटरला सोडून कोणाला माहीत नाही अशी अवस्था. अशा वेळी कागदावर यार्ड चालवता येणारी जुनी माणसं लागतात. ती माणसं आता रिटायर होतायत आणि नवीन कोणाला ते शिकवत नाहीत.

दुसरी बाजू पण सांगते, नाहीतर मी पण जुनंच चांगलं म्हणणारी वाटेन. केरळात विझिंजमला मुली क्रेन चालवतायत, कंट्रोल रूममध्ये बसून, त्यातल्या काही आजूबाजूच्या कोळी वस्तीतल्या. ऑटोमेशन नसतं तर त्यांना कोणी पोर्टात उभं केलं असतं का? मी आजही पोर्टला गेले की बायकांसाठी टॉयलेट शोधण्यात अर्धा तास जातो.

गोदाकाठ

मस्त धागा. मी वाचनातून लिहितोय, पिंपळगावकर रागावू नका.

अमेरिकेत एप्रिल १९५६ मध्ये माल्कम मॅक्लीन या ट्रक व्यावसायिकाने आयडियल एक्स जहाजावर ५८ डबे चढवून न्यूअर्कहून ह्यूस्टनला नेले. सुटा माल चढवायला टनाला पावणेसहा डॉलरच्या वर खर्च येत होता तो डब्यात सोळा सेंटवर आला असं त्याचं गणित सांगतात. एवढी बचत म्हटल्यावर कामगारांनी विचारलं यातलं आमचं किती, आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हॅरी ब्रिजेसच्या गोदी युनियनने १९६० मध्ये सरळ सौदा केला. मशीन आणा, वाटेल ती आणा, पण आमच्या रजिस्टरवरच्या माणसाला काढायचं नाही आणि पेन्शनफंडात पैसे भरा. साडेपाच वर्षांत २९ मिलियन डॉलर.

सगळे हा आदर्श करार म्हणून सांगतात. पण त्यात एक बारीक गोष्ट आहे. युनियनमध्ये पूर्ण रजिस्टर्ड म्हणजे ए माणसं आणि अर्धवट रजिस्टर्ड म्हणजे बी माणसं होती, आणि तो फंड ए वाल्यांसाठी होता. बी वाले काम तेच करायचे. उरणच्या दादांनी जे चहा-बिस्किटाचं लिहिलं ते वाचून मला हेच आठवलं. आणि तो करारसुद्धा कायमची शांतता घेऊन आला नाही, १९७१ ला तिथेच चार महिन्यांच्या वर संप झाला.

परवाचा अमेरिकेतला संप, ऑक्टोबर २०२४ चा, तो तीन दिवस चालला, बातम्यांमध्ये पगारवाढ ६२ टक्के एवढंच आलं. पण त्या आधी जूनमध्ये बोलणी फिसकटली होती ती अलाबामातल्या मोबिल बंदरावरच्या एका ऑटोमॅटिक गेटवरून, युनियनच्या माणसाशिवाय ट्रक आत घेतात म्हणून. म्हणजे मीनलताई म्हणतात तेच, भांडण क्रेनच्या आधी गेटवर पेटतं. रॉटरडॅममध्ये १९९३ पासून ड्रायव्हरविना गाड्या डबे नेतात, जगाला कौतुक, तरी नवीन टर्मिनल आल्यावर जानेवारी २०१६ मध्ये तिथल्या लोकांनी २४ तास काम बंद ठेवलं. वीस वर्षं रोबोटबरोबर काम केलेल्या माणसांना बदलाची भीती वाटते असं कसं म्हणणार? नोकरीची लेखी हमी हवी होती.

लासलगावचा_नाना

अमेरिकेत कशाला जाता. एप्रिल २०२४ ला आपल्या जिल्ह्यातले कांदा लिलाव बंद होते ते कशावरून? हमाली-तोलाई कापायची का नाही यावरून. व्यापारी म्हणतात ट्रॅक्टर भुईकाट्यावर चढतो, मोजायला हमाल लागतच नाही, मग शेतकऱ्याच्या पट्टीतून तोलाई कशाची. माथाडी-मापारी म्हणतात काटा आला म्हणून आमची लेव्ही (मजुरीवरची वर्गणी) बुडवू नका, १९६९ च्या माथाडी कायद्याने मिळालेलं आहे. मी शेतकरी, माझ्या पट्टीतून पैसे जातात म्हणून मला व्यापाऱ्याचं पटत होतं. आणि माझा मेहुणा मापारी, त्याच्याकडे जेवायला बसलो की त्याचं पटत होतं. पंधरा दिवस कांदा चाळीत पडून राहिला, तोटा कोणाचा झाला ते सांगायची गरज नाही.

गोदाकाठ

नाना, अमेरिकेत याला कंटेनर रॉयल्टी म्हणतात, डब्यातल्या मालावर गोदी कामगारांच्या फंडात पैसे, हात लागो न लागो. १९६० पासून चालू आहे.

लासलगावचा_नाना

घ्या. आणि आम्हाला वाटायचं आम्हीच मागासलेले.

आडगावचा_ट्रेलर

सगळे शहाणे बोलून झाले असतील तर ड्रायव्हरचं पण ऐका. माझे ट्रेलर आहेत, आडगाव नाक्याला गाड्या उभ्या असतात. आता समृद्धी पूर्ण झाल्यापासून इगतपुरीवरून आमण्यापर्यंत सुसाट, पण तो वाचवलेला वेळ पुढे पोर्टच्या पार्किंगमध्ये बसून खर्च होतो. आणि तिथे जो ड्रायव्हर राबतो त्याला कोणी पोर्ट कामगार म्हणतच नाही. गेटमधून आत जायचा ऑनलाइन 'फॉर्म तेरा' ड्रायव्हरच्या मोबाईलवर भरायचा, ओटीपी त्यालाच येणार, टॅग वाचला नाही तर गाडी बाजूला घ्यायची त्यानेच, आणि तोपर्यंत रीफर थंड ठेवणाऱ्या जेनसेटचं (जनरेटरचं) डिझेल जळतं ते माझं. क्लार्क काढला तेव्हा क्लार्कचं काम गेलं कुठे? ड्रायव्हरच्या खांद्यावर आलं. पगार आला का क्लार्कचा? नाही.

माझे अर्धे ड्रायव्हर यूपी-बिहारचे, हिंदी वाचतात कसंबसं, ॲप इंग्लिशमध्ये. पहिला महिना ते फोन बाजूच्याला द्यायचे, तो पन्नास रुपये घेऊन भरून द्यायचा. पार्किंगमध्ये असे पाच-सहा जण बसलेलेच असायचे, नवीन टेक्नॉलॉजीने रोजगार दिला म्हणा 😄

तरी सांगतो, ॲप बंद करा असं माझा एकही ड्रायव्हर म्हणणार नाही. पूर्वी गेटवर कागद पुढे सरकवायला काय काय लागायचं ते सगळ्यांना माहितीये. आता ते नाही. मराठी-हिंदी करा आणि टॅग नाही वाचला तर बघायला एक जिवंत माणूस ठेवा, बस.

पिंपळगावकर

ट्रेलर भाऊ, रीफरच्या प्लगचं विचारायचं राहिलं. मॉडेमवर मला लाल दिसलं आणि मी फोन केला तर तिकडे प्रत्यक्ष जाऊन बघणारा माणूस असतो ना अजून? सागर, तुम्ही सांगा.

सागर_टीओएस

असतो. इलेक्ट्रिशियन आणि रीफर मॉनिटरिंगवाले. आधी ते रॅकवर चढून प्रत्येक डब्याचं टेंपरेचर वहीत लिहायचे, शिफ्टला ठरावीक फेऱ्या. आता सिस्टीम वाचते म्हणून फेऱ्या कमी झाल्या आणि माणसंही कमी झाली. लाल दिसल्यावर प्लग बघायला माणूसच जातो, पण आधी दहा माणसं रॅकभर फिरत होती तेव्हा जो वेळ लागायचा त्यापेक्षा आता जास्त लागतो, विशेषतः फेब्रुवारी-मार्चमध्ये तुमचे सगळ्यांचे डबे एकदम आलेले असताना.

सातपूरकर

म्हणजे पिंपळगावकर साहेबांच्या मीटिंगमधले एक्स्पोर्टर सगळं ऑटोमॅटिक करा म्हणतायत, आणि त्यांच्याच द्राक्षाला रात्री दोन वाजता प्लग लावायला माणूस कमी पडतोय. हे मान्य, मुद्दा आहे. पण गोदीतल्या काकांनी सांगितलं तसं निम्मी टोळी चहाला हे पण मला मान्य नाही, त्याचे पैसे शेवटी मालावरच चढतात.

गोदीतला_जुना

चढतात. आणि क्रेन आली तेव्हा माल स्वस्त झाला का, ते पण विचारा कोणाला तरी. भाडं जहाज कंपनी ठरवते, तेव्हाही तीच ठरवायची.

उरणचा_पोरगा

पिंपळगावकर दादा, तुमच्या पुढच्या मीटिंगला एक विचारा सगळ्यांना, पोर्टाच्या ट्रेड मीटिंगा होतात त्यात एक्स्पोर्टर बसतात, ट्रान्सपोर्टर बसतात, सीएचए (कस्टम ब्रोकर) बसतात. रीफरवाला इलेक्ट्रिशियन कधी बसलाय का? मी तर ऐकलं नाय. आणि रिमोट क्रेनच्या ट्रेनिंगसाठी नावं मागवलीत म्हणे, सुपरवायझर सांगतो आयटीआय पाहिजे. माझं आयटीआय नाय, चौदा वर्षं क्रेनवर हाय. कोणाला काही माहीत असेल की अनुभवावर घेतात का, तर मला व्यनि (खाजगी मेसेज) करा.

मीनल_अंबड

करते. आमच्या ओळखीत एकाचं असंच झालं होतं, त्याने बाहेरून परीक्षा दिली. डिटेल्स विचारून पाठवते उद्या.